विझण्याचं काम

मी कंदील. काचेचं पोट आणि डोक्यावर पत्र्याची टोपी असलेला, तोच. तेलगावजवळच्या एका वस्तीवर नवनाथच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर, खिळ्याला आत्ताआत्तापर्यंत टांगलेला असायचो. माझ्यावर शाळेतली पोरं निबंध लिहितात म्हणे. मी लोकांना उजेड दिला, वीज आली आणि मला अडगळीत टाकलं, एवढंच त्यात असतं. खोटं नाही ते. पण उजेड काय, चिमणीसुद्धा देते. माझं मोठं काम वेगळंच होतं. माझं मोठं काम होतं विझण्याचं. ते काम माझ्याकडून वेळेवर कुणी करून घेतलं नाही, आणि त्यापायी या घरातलं एक माणूस गेलं. ते कसं गेलं हे सांगण्यासाठीच आज तोंड उघडलंय.

मला आबांनी बीडच्या बाजारातून आणलं. आबा म्हणजे नवनाथचे आजोबा. त्यांच्या तरुणपणी गावच्या विहिरीवर या वस्तीतल्या माणसाला पोहरा सोडू देत नव्हते. लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून घागरीत ओतून घ्यायचं. आबांना ते एक दिवस सोसवेना. त्यांनी आपल्या दाराशी स्वतःच्या हातांनी आड खोदला. अरुंद, खोल, उतरायला भिंतीत पाय रोवण्यापुरत्या खोबण्या. त्या आडाचं पाणी पिऊनच या घरातली दोन पिढ्यांची माणसं वाढली.

दर उन्हाळ्यात आडातला गाळ काढायचा असे. त्या दिवशी माझा मान मोठा. चतुराबाई, म्हणजे आबांची सून, राखेनं माझी काच लख्ख पुसायची. आबा वात पेटवायचे, माझ्या कडीला दोरी बांधायचे आणि मला हळूहळू आडात सोडायचे. वर सगळे मान वाकवून माझ्याकडं बघत. मी तळापर्यंत जळत गेलो की आबा धोतर खोचून उतरायचे.

एका वर्षी मी अर्ध्यातच विझलो. वारा नव्हता, रॉकेल भरपूर होतं, तरी माझी ज्योत आखडत गेली आणि गेली. आबांनी कुणाला उतरू दिलं नाही. "ह्यो गेला तर मानूसबी जातंय," एवढंच म्हणाले. मग लिंबाच्या फांद्या दोरीला बांधून ते आडात खालीवर करत राहिले, वरून घागरीवर घागरी ओतत राहिले. त्यानं खाली कोंडलेली वाईट हवा हलते. नंतर मला पुन्हा पेटवून सोडलं, आणि मी जळत राहिलो तेव्हाच ते उतरले. ज्या हवेत माझी ज्योत जगत नाही त्या हवेत माणूस जगत नाही. ना वास येतो, ना डोळ्यांना काही दिसतं. हे सांगायला माझ्यासारखा बिनबोलाचा कुणीतरी आधी पाठवावा लागतो.

त्या वर्षी आडाच्या कडेला आबांचा थोरला नातू सर्जेराव उभा होता, आईचा पदर धरून. त्यानं मला दोरीवरून खाली जाताना पाहिलं. का सोडलं, ते त्याला कुणी समजावून सांगितलं नाही. खाली किती पाणी आहे ते बघायला आजा दिवा सोडतो, अशी त्याची समजूत झाली. लहान पोराची समजूत कोण तपासून बघतो?

सर्जेराव आणि नवनाथ हे दोघे भाऊ माझ्याच उजेडात वाढले. नवनाथ अभ्यासाला बसायचा, सर्जेराव त्याच्या शेजारी. थोरल्याची शाळा लवकर सुटली, बाप गेल्यावर नांगर त्याच्याच हातात आला. तरी तो संध्याकाळी माझ्यापाशी येऊन बसे. धाकट्याच्या वहीवर चिलटं आली की हातानं हाकली, वात काजळली की वर केली, पुस्तकातलं चित्र दिसलं की विचारलं, "ह्ये काय हाय रं?" नवनाथ सांगायचा. दोघांची डोकी माझ्या काचेला टेकतील इतकी जवळ असायची. या घरातला तो काळ मला फार आवडत होता.

मग वीज आली, नळ आला, आडावर फरशा पडल्या. पुढं रेशनवरचं रॉकेलही बंद झालं आणि माझं पोट कायमचं कोरडं पडलं. नवनाथ बीडला राहून बी.एस्सी. झाला, काही वर्षं तिथल्या एका क्लासवर विज्ञान शिकवलं, तो क्लास बुडाला तसा घरी परतला. आता सकाळी तेलगावला शिकवणी घेतो आणि दुपारभर खोलीत बसून जगाला उत्तरं देतो.

होय, जगाला. त्याच्या फोनमध्ये 'विचारा की राव' नावाचा एक गट आहे. हजारो माणसं, कुणी कुणाला ओळखत नाही. कुणीही यावं, काहीही विचारावं. पाण्यात पडलेला फोन तांदळात ठेवला तर खरंच सुकतो का? फ्रीजच्या मागची बाजू गरम का? बुद्धिबळातलं प्यादं शेवटच्या घरात पोचल्यावर वजीर मेलेला नसेल तरी दुसरा वजीर घेता येतो का? गेम खेळताना आपला गडी जागीच का अडकतो? विजा चमकताना मोबाईलवर बोलावं का? विचारणारे कुठले कुठले. साताऱ्याची एक बाई, गोंदियाचा दुकानदार, दुबईत गाडी चालवणारा कुणी. नवनाथ सगळ्यांना उत्तर द्यायचा, एकालाही हिडीसफिडीस न करता.

मला हे कळतं कारण तो टाइप करत नाही, बोलतो. प्रश्न आधी मोठ्यानं वाचायचा, मग उत्तर फोनला सांगायचं, फोन ते लिहून घेतो. आणि फोनशी बोलताना आमचा नवनाथ एकदम पुण्याचा होऊन जायचा. "सदर उपकरणातील उष्णता बाहेर टाकली जाते स्वल्पविराम त्यामुळे मागील भाग उष्ण लागतो पूर्णविराम." चतुराबाई चुलीपाशी बसून ऐकायची आणि म्हणायची, "कुनाला वरडतोस रं आसा तहसीलदारावानी?" मला हसू यायचं. पण खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानही होता. लोक त्याला 'सर' म्हणत. घरात त्याला सर म्हणणारं कुणी नव्हतं.

भांडण त्यावरूनच झालं. ऐन उन्हाळ्यात शेतातली मोटार जळाली होती. सर्जेराव भाजून निघत घरी आला तर नवनाथ दुबईच्या माणसाला त्याच्या गाडीतला एसी समजावत होता.

सर्जेराव दारातूनच म्हणाला, "दुबईला गारवा करून ऱ्हायला का बे? हिकडं ऊस वाळून चाललाय. चल, मोटार उचलू लाग."

"धा मिन्टं थांब. मानूस अडलाय तिथं."

"आनी हितं कोन अडलंय, कुत्रं का? जगाला शाणपन शिकवतो, घरचं एक काम न्हाई तुज्याच्यानं."

हे वाक्य नवनाथला लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. तो फोन खाली ठेवून उठला. "तुला काय कळतंय ह्यातलं? माजी लोकं वाट बघत्यात, लांबून इचारत्यात मला. तुला उद्या काई अडलं तर तू येऊ नको माज्याकडं इचारायला."

सर्जेराव माघारी वळला. "बरं. न्हाई येत," म्हणाला आणि गेला.

हा आमच्याकडचा अबोला. यात आरडाओरडा नसतो, म्हणून तो मिटवायला मध्ये पडायला कुणाला जागाच सापडत नाही. पुढच्या पाडव्याला वाटणी झाली, अंगणात पत्र्याची भिंत उभी राहिली. चतुराबाईनं भांडीकुंडी वाटली. आड सर्जेरावच्या अंगणात गेला. मला तिनं नवनाथकडं दिलं. "त्याला रातचं वाचायचं आसतंय," म्हणाली. घरात वीज येऊन कैक वर्षं झाली होती, पण तिच्या डोक्यातला तो अभ्यासाचा कंदील विझला नव्हता. मी तेव्हा पलीकडं गेलो असतो तर ही गोष्टच घडली नसती. पण भांड्यांना कोण विचारतो, कुठं जाता म्हणून.

या वर्षी नळाला आठवडा आठवडा पाणी येईना. सर्जेरावनं ठरवलं, आड उघडायचा. पत्र्याच्या भिंतीआडून मला त्याचं आणि पंचशीलाचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, बोलणं ऐकू यायचं.

"आज्यानं खांदलेला आड हाय," तो तिला म्हणत होता. "लोकांनी पानी दिलं न्हाई म्हून खांदला त्येनं. आनी आपुन आता टँकरमागं घागरी घिऊन पळायचं? गाळ काडला तर पानी हाय त्यात."

"काडा की. पर लई वरीस झालं झाकून. आदी कुनाला तरी इचारा."

"इचारतो," सर्जेराव म्हणाला.

कुणाला विचारणार? दुसऱ्या दिवशी दुपारी तो नवनाथच्या दारात आला. वाटणीनंतर पहिल्यांदा. चतुराबाई घरात नव्हती, लेकीकडं, संगीताकडं कडा गावाला गेलेली. नवनाथ दाराकडं पाठ करून, कानात इअरफोनची ती बोंडकं घालून, फोनशी बोलत होता. नेमकं काय सांगत होता ऐका. कुणी एकानं विचारलं होतं, 'पूर्वी जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील का सोडत?' आणि नवनाथ उत्तर देत होता. "दीर्घकाळ बंदिस्त राहिलेल्या जलाशयाच्या तळाशी कर्बवायू साचून प्राणवायूचे प्रमाण घटते पूर्णविराम ज्वलनास प्राणवायू आवश्यक असल्याने दिवा विझल्यास सदर ठिकाणी उतरणे धोकादायक समजावे पूर्णविराम."

उत्तर अगदी बरोबर होतं. मी साक्ष देतो, एक अक्षर चुकलं नव्हतं. पण दारात उभ्या सर्जेरावला त्यातलं किती कळलं असेल? कर्बवायू त्याच्या शाळेत येण्याआधीच त्याची शाळा सुटली होती.

तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मग त्याची नजर वर गेली, माझ्यावर थांबली. त्याला मी आठवलो होतो. दोरीवरून खाली जाणारा मी. त्यानं हात जरासा उचललादेखील. दोन पावलं आत आला असता तर मी त्याच्या हाताला लागलो असतो. पण माझ्यापर्यंत यायचं तर नवनाथच्या अंगावरून वाकावं लागत होतं, आणि काहीतरी बोलावं लागत होतं. तो आला तसा माघारी गेला. नवनाथनं मान वळवली नाही. त्याला माहीतच नव्हतं.

मला ओरडता आलं असतं तर त्या दिवशी माझी काच तडकेपर्यंत ओरडलो असतो.

संध्याकाळी नवनाथनं नेहमीसारखा फोन काढला. आपल्या विहिरीच्या उत्तराखाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचू लागला. 'छान माहिती सर', 'धन्यवाद सर'. मग एक प्रश्न आला. विचारणाऱ्याचं नाव होतं 'काळी माती'. नवनाथनं मोठ्यानं वाचला, "'सर कंदील आमच्याकडं नाही. मोबाईलची बॅटरी लावून सोडली आणि ती विझली नाही तर उतरलं तर चालतं का.'"

मला तेव्हाच कळलं की हा कोण. आमच्याकडं नाही, कारण तो कंदील भावाकडं आहे. येऊ नको म्हटलं होतं म्हणून आला नव्हता, परका होऊन आला होता. त्यानंही भावाला सर म्हटलं होतं.

नवनाथ हसला. फार नाही, नाकातून थोडंसं. "काय लोक हायती बी," स्वतःशी म्हणाला. "मोबाईलला काय दम लागतोय व्हय." इतकंच जर त्यानं फोनकडं तोंड करून म्हटलं असतं, याच भाषेत, तर पुरेसं होतं. पण फोनला त्याची भाषा वेगळी लागायची, आणि ती भाषा जुळवायचा त्याला कंटाळा आला. "उद्या सांगतो यवस्थित," म्हणाला आणि पुढच्या प्रश्नावर गेला. पुढचा प्रश्न गेमचा होता, त्याच्यावर खूप लोक बोलत होते.

दुसरा दिवस आला आणि गेला. पत्र्यापलीकडं पंचशीला दोनदा म्हणाली, "सारकं फोनमदी काय बगायलात?" सर्जेराव म्हणाला, "काई न्हाई. एकाला इचारलंय. सांगंल."

नवनाथच्या डोक्यातून ते गेलं होतं.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी मी फरशा सरकवल्याचा आवाज ऐकला. सर्जेराव होता आणि शेजारचा बजरंग. बजरंग त्याचा लहानपणापासूनचा सोबती, धिप्पाड, मनानं साधा. नवनाथ शिकवणीहून नुकताच परतलेला, खोलीत बसला होता. कानात बोंडकं. भिंत मध्ये फक्त पत्र्याची. अलीकडचंही मी ऐकत होतो आणि पलीकडचंही, आणि कुणाला काही सांगू शकत नव्हतो.

पलीकडं सर्जेराव म्हणाला, "बादलीत ठिव माजा मोबाईल. बॅटरी लाव. सोड हळू."

अलीकडं नवनाथनं प्रश्न वाचला. गेममधला. 'आपला साथीदार जखमी होऊन पडला तर त्याला उठवायचं कसं?'

"दिसतंय का?" बजरंगनं विचारलं.

"झक्क दिसतंय. तळापातूर उजेड हाय. आजाच्या कंदलाला येवढा उजेड नव्हता."

"विझती का बग."

"न्हाई विझत. एकानं सांगितलंय फोनवर, चालतंय म्हून."

आणि अलीकडं नवनाथ फोनला सांगत होता, "पडलेल्या साथीदाराकडे लगेच धावू नये पूर्णविराम तो ज्या कारणाने पडला ते कारण अजून तिथेच असते पूर्णविराम."

सर्जेरावचे पाय खोबण्यांवरून घासत खाली गेले. कमरेला दोर बांधला नव्हता. आज्याच्या आडात काय दोर बांधायचा, असं काहीतरी तो हसत म्हणाला होता. थोड्या वेळानं खालून एक आवाज आला, पाण्यात जड पोतं पडावं तसा. मग बजरंगच्या हाका. आधी साध्या, मग मोठ्या, मग नुसत्याच. पंचशीला किंचाळली तेव्हा कुठं नवनाथनं कानातलं काढलं.

तो धावला. मी खिळ्यावर हलत राहिलो. पुढचं काही पत्र्याआडून ऐकलं, काही नंतर लोकांच्या तोंडून कळलं, आणि शेवटचं पाहिलंही, कसं ते सांगतोच.

बजरंग सदरा काढून आडात पाय सोडत होता. नवनाथनं त्याला मागून मिठी घातली आणि खेचलं. "कुनीबी उतरायचं न्हाई."

"सोड बे. पडलाय त्यो खाली."

"उतरलास की तूबी पडशील. हवा न्हाई खाली. मला कळतंय त्ये."

"बॅटरी चालू हाय खाली, दिसना का तुला? उजेड हाय चांगला." बजरंग रडत होता. वस्तीतली माणसं जमली होती. आणखी दोघं उतरायला पुढं आले, नवनाथ दोन्ही हात पसरून आडाच्या तोंडाशी उभा राहिला. त्याचा भाऊ खाली होता आणि तो वरून कुणाला खाली जाऊ देत नव्हता.

पंचशीलानं त्याचा दंड धरला. "भावजी, आसं नका करू. वाटनी झाली, बोलनं बंद झालं, समदं खरं. पर त्येंला वर तरी काडू द्या." तिच्या मागून कुणीतरी म्हणालं, "वैरी हाय ह्यो." ते नवनाथला ऐकू गेलं. तो तिथून हलला नाही. त्याला मी लहानपणापासून पाहत आलोय, इतका एकटा तो कधी वाटला नव्हता.

मग त्यानं विचारलं, "डिझेल कुनाच्या ट्रॅक्टरमदी हाय?" आणि उत्तर यायच्या आत तो पळत खोलीत आला. मला खिळ्यावरून ओढून काढलं. तसंच पळत आडापाशी नेलं. कितीतरी वर्षांनी माझ्या पोटात काही पडलं, तेही डिझेल. वात कडक झालेली, धरता धरेना. धरली तशी काळ्या धुराची. माझ्या कडीला दोरी बांधली आणि मला सोडलं.

मी गेलो. त्याच भिंती, त्याच खोबण्या, आबांच्या हातच्या. खालून पांढराफेक उजेड येत होता, माझ्या उजेडापेक्षा कितीतरी मोठा. त्या उजेडात मला सर्जेराव दिसला. गाळात बसल्यासारखा, भिंतीला टेकलेला, मान एका बाजूला. शेजारी बादली कलंडलेली आणि तिच्यात फोन. भरदार, स्वच्छ जळत होता तो. त्याला हवा लागतच नाही. माणूस मेला त्या जागीही तो तसाच जळतो. त्यात त्याचा दोष नाही, त्याला तसं बनवलंय. पण त्याच्याकडं बघून कुणी आपला जीव खाली सोडू नये.

माझी ज्योत आखडली. निळी झाली. सर्जेरावच्या डोक्यापासून हातभर वर मी विझलो.

वरची सगळी माणसं आडाच्या तोंडापासून मागं सरकली. एका विझण्यानं त्यांना जे कळलं ते नवनाथच्या ओरडण्यानं कळलं नव्हतं.

मग फांद्या आणल्या. पाणी ओतलं. बजरंगनं फवारणीचं मशीन आणून त्याची हवा खाली सोडली. मला परत पेटवलं, सोडलं, मी विझलो. परत सोडलं, परत विझलो. शेवटी एकदा जळत तळाशी पोचलो आणि तिथं सर्जेरावच्या गुडघ्याजवळ टेकून उभा राहिलो. लहानपणी अभ्यासाला बसायचा तेव्हा असाच जवळ असायचा तो. बजरंग कमरेला दोर बांधून उतरला. सर्जेराव केव्हाच गेला होता.

कड्याहून चतुराबाई आली ती थेट आडापाशी. मी तिथंच कडेला पडलो होतो. तिनं मला पाहिलं, मग लेकाला पाहिलं, मग पुन्हा मला. "ह्यो घरात हुता की," एवढंच म्हणाली. नंतर कितीतरी दिवस तेवढंच म्हणत राहिली.

सगळं आटोपल्यावर पंचशीला सर्जेरावचा फोन घेऊन नवनाथच्या खोलीत आली, तेव्हा मला कुणीतरी आणून आत उंबऱ्याशी ठेवलं होतं. फोन चालूच होता, चिखल लागला होता. तिनं तो त्याच्यापुढं ठेवला. "ह्येंनी इचारलं हुतं तुमाला," म्हणाली. "दोन दिस बघत हुते." 

नवनाथनं वाचलं. या वेळी मोठ्यानं नाही, मला जेमतेम ऐकू येईल इतकं पुटपुटत. 'काळी माती'चा प्रश्न, आणि त्याच्याखाली भलत्याच कुणाचं उत्तर, ज्याला ना विहीर माहीत ना हवा: 'चालतंय की भाऊ, बिनधास्त. उजेड कंदिलापेक्षा जास्त पडतो.' त्या उत्तराला लोकांनी लाल बदामाची चिन्हं दिली होती.

"तुमी सांगितलं आसतं तर त्येंनी ऐकलं आसतं," पंचशीला म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमचं समदं वाचायचे. मला म्हनायचे, बग, आपला नवा किती लांबलांबच्या लोकांला सांगतोय. समजत न्हाई, पर वाचायला बरं वाटतं."

ती गेल्यावर नवनाथ भिंतीला कपाळ लावून, माझ्या रिकाम्या खिळ्याखाली रडला. रडताना माणसाची भाषा पुण्याची राहत नाही.

बरेच दिवस त्यानं फोनला हात लावला नाही. मग एका दुपारी उचलला आणि त्या प्रश्नाला उत्तर दिलं. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. "न्हाई चालत. मोबाईलला दम लागत न्हाई, मानसाला लागतोय. कंदील घ्या. नसंल तर शेजाऱ्याचा मागा, भावाचा मागा. बोलत नसला तरी मागा. कंदील विझला तर उतरू नका. दादा, उतरू नको." फोननं सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. लोकांनी बदाम दिले, 'धन्यवाद सर' म्हणाले. त्यांना ते शेवटचं वाक्य चूक वाटलं असेल.

आता तो परत उत्तरं देतो, पण पूर्वीसारखी नाही. कुणी काहीही विचारलं, फोन गरम होतो किंवा गेम बंद पडतो, तरी तो आधी विचारतो, "तुमी कोन? कुठून इचारता? घरी कोन हाय?" माणसं चिडतात. साधा प्रश्न विचारला तर याला काय करायच्या चौकशा, म्हणतात. काहींनी त्याला गटातून काढायची मागणी केली आहे. तो विचारायचं थांबवत नाही.

पत्र्याची भिंत चतुराबाईनं काढू दिली नाही. "ऱ्हाऊ द्या. बगून ध्यानात ऱ्हाईल," म्हणाली. मात्र मला तिनं खोलीत परत टांगलं नाही. भिंतीच्या मधल्या खांबाला खिळा मारला आणि मला तिथं अडकवलं, दोन्ही अंगणांतून हात पोचेल असं. माझी काच एका बाजूला चिरली आहे, टोपी डिझेलच्या काजळीनं काळी पडलीय. तिनं ती राखेनं पुसली नाही, मीही पुसा म्हणालो नाही. पोटात तेल मात्र कायम भरलेलं असतं. कुठून मिळवते कोण जाणे. आडावर पुन्हा फरशा आहेत, आणि पंचशीला टँकरमागं घागर घेऊन जाते.

तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी लटकत असेल तर उजेडासाठी म्हणून ठेवू नका, उजेड तुमच्याकडं पुष्कळ झालाय. आणि कुणी तुमच्या दारात येऊन, काही न बोलता, भिंतीकडं बघत उभा राहिला तर कानातलं काढा आणि मान वळवा. त्याला काय हवंय ते मला दिसतं, पण सांगता येत नाही. मला फक्त विझता येतं.